राखायचे तरी काय?

मोशीजवळ इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुणे-नाशिक महामार्ग खेड तालुक्यात शिरतो. चिंबळी फाटा, कुरुळी, आळंदी फाटा आणि मग चाकण. कुरुळीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे, सुट्या भागांची वर्कशॉप्स, वजनकाटे आणि कामगारांसाठी ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्या दिसतात, आणि त्यांच्या मधे कुठेतरी कांद्याचा एखादा वाफा अजून तग धरून असतो. या वाफ्याचा सातबारा काढून पाहावा. वर गाव नमुना सात, खाली गाव नमुना बारा. भोगवटादाराच्या रकान्यात आधी आजोबांचे नाव, त्याला कंस. मग तीन भाऊ आणि दोन बहिणी. पुढच्या फेरफाराने बहिणींच्या नावांनाही कंस, कारण त्यांनी हक्कसोड दिलेली असते. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, आणि पुष्कळ ठिकाणी औद्योगिक महामंडळाच्या संपादनाचा शेरा. गावाचे सगळे राजकारण या एका कागदावर मावते. माझे म्हणणे असे की, ज्याला आपण सरसकट ‘उजवा विचार’ म्हणतो त्याच्या वाटा कुठे फुटतात हे समजून घ्यायला याहून चांगला कागद नाही.

‘उजवे’ हा शब्द आपण एकाच गाठोड्यासारखा वापरतो. त्यात खुल्या बाजाराचा आग्रह धरणारा येतो, गोरक्षणासाठी झटणारा येतो, परदेशी कंपनीला विरोध करणारा येतो, परदेशी कंपनीसाठी पायघड्या घालणारा येतो आणि ‘आधी स्थानिकांना नोकऱ्या’ म्हणणाराही येतो. हे सगळे एकाच विचाराचे कमीअधिक तीव्र प्रकार आहेत, असा समज रूढ आहे. तो मला चुकीचा वाटतो. परंपरा राखणाऱ्या प्रत्येक विचाराला पहिल्यांदा एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: राखायचे ते नेमके काय? माणसाची मालकी राखायची, की समाजाची घडी, की राष्ट्राचे बळ, की गावाचा गावपणा? उत्तर बदलले की विचार बदलतो, तीव्रता नव्हे. आणि जमीन ही एकच गोष्ट अशी आहे की जी एकाच वेळी मालकीही असते, घडीही असते, राष्ट्राचा भूभागही असते आणि गावही असते. म्हणून जमीन जाऊ लागते तेव्हा या चारही उत्तरांना एकमेकांसमोर उभे राहावे लागते.

मालकीचे उत्तर आधी घेऊ, कारण त्याचा धागा थेट चाकण परिसरात येतो. जानेवारी 1959 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. बांध मोडून शेते एकत्र कसायची, मालकी कागदावर उरली तरी नांगर सर्वांचा, असा त्याचा आशय होता. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजगोपालाचारी, एन. जी. रंगा आणि मुंबईचे मिनू मसानी यांनी स्वतंत्र पक्ष उभा केला. परमिट-लायसन्स राज हा शब्दप्रयोग राजगोपालाचारींचा. 1964 च्या सतराव्या घटनादुरुस्तीला या पक्षाने कडाडून विरोध केला, कारण तिने रयतवारीतली जमीनही मूलभूत हक्कांच्या संरक्षणाबाहेर नेली. आणि महाराष्ट्राचा बहुतेक शेतकरी रयतवारीतलाच. 1967 च्या लोकसभेत स्वतंत्र पक्षाचे 44 खासदार होते, जनसंघाचे 35. म्हणजे त्या काळी संसदेतला मोठा उजवा पक्ष हिंदुत्वाचा नव्हता, मालमत्तेच्या हक्काचा होता. महाराष्ट्रात मात्र त्याचा जम बसला नाही. इथला बागायतदार सहकारी साखर कारखान्याच्या आणि जिल्हा बँकेच्या मार्गाने काँग्रेसशी घट्ट बांधला गेला होता. राजे-संस्थानिक आणि मुंबईचे उद्योगपती यांच्या पक्षात त्याला काही आपले दिसेना.

जे स्वतंत्र पक्षाला जमले नाही ते चाकणच्या कांद्याने केले. स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत काम केलेले शरद जोशी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात परत आले आणि चाकणजवळच्या आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. निर्यातबंदी आली की कांद्याचा भाव कोसळतो आणि शेतकऱ्याला वाहतुकीचा खर्चही सुटत नाही, हे त्यांनी वहीत हिशेब मांडून दाखवले. जानेवारी 1980 मध्ये भामनेरच्या खोऱ्यातल्या वांद्रे गावापासून चाकणपर्यंत रस्त्याच्या मागणीसाठी मोर्चा निघाला, आणि मार्चमध्ये याच पुणे-नाशिक रस्त्यावर कांद्याच्या भावासाठी रास्ता रोको झाला. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तेव्हाची. तिचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ती सरकारकडे अनुदान मागत नव्हती. सरकारने माझ्या आणि ग्राहकाच्या मधे येऊ नये, एवढेच ती सांगत होती. पुढे 1990 च्या दशकात जागतिक व्यापार कराराच्या डंकेल प्रस्तावावर देशभर काहूर उठले तेव्हा शेतकऱ्यांच्या बहुतेक संघटना विरोधात गेल्या. जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली आणि 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. नावातले ‘स्वतंत्र’ योगायोगाचे नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. शरद जोशी परंपरावादी कुठे होते? ते स्वतःला उदारमतवादी म्हणत. 1986 मध्ये चांदवडला त्यांनी शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरवले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढून हजारो शेतकऱ्यांकडून बायकोच्या नावावर जमीन करून घेतली. कुठला सनातनी हे करील? आक्षेप खराच आहे आणि मी तो पूर्ण मान्य करतो. अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी 1960 मध्ये ‘मी परंपरावादी का नाही’ या अर्थाच्या मथळ्याचा निबंध लिहून हेच सांगितले होते: बदलाला भिणारा आणि स्वातंत्र्य मागणारा हे दोघे समाजवादाच्या विरोधात शेजारी उभे राहतात, म्हणून ते एक होत नाहीत. अमेरिकेत 1955 नंतर ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाभोवती या दोघांचे लग्न लावण्याचा पद्धतशीर प्रयत्न झाला. फ्रँक मेयर यांनी त्याला सिद्धान्ताची बैठक दिली आणि रेगन यांच्या काळापर्यंत तो संसार टिकला. आपल्याकडे असे लग्न कधी लागलेच नाही, फक्त अधूनमधून निवडणुकीपुरती सोबत झाली. जोशी 2004 मध्ये राज्यसभेत गेले ते भाजप आणि शिवसेनेच्या पाठिंब्याने; पण लक्ष्मीमुक्तीतली स्त्री त्यांच्या लेखी घराची लक्ष्मी कमी आणि सातबाऱ्यावरची खातेदार अधिक होती. घरातल्या प्रत्येक माणसाला त्याच्या नावाने मोजणे ही मालकीच्या विचाराची खूण आहे.

आता घडीचे उत्तर. ते स्पष्टपणे मांडले गेले 1965 च्या एप्रिलमध्ये, मुंबईत माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयात. दीनदयाळ उपाध्याय यांनी चार दिवस व्याख्याने देऊन एकात्म मानवदर्शन मांडले. समाज हा करार करून एकत्र आलेल्या व्यक्तींचा जमाव नाही, तो शरीरासारखा जिवंत आहे. व्यक्ती, कुटुंब, समाज, राष्ट्र हे एकमेकांतून उमलतात. भांडवलशाही माणसाला बाजारातला नग करते आणि साम्यवाद सरकारी यंत्राचा खिळा, म्हणून दोन्ही नकोत, असा त्याचा गाभा. उद्योग छोटे असावेत, विकेंद्रित असावेत, प्रत्येक हाताला काम असावे. हा विचार संघटनांत उतरवला तो वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडी यांनी. 1955 मध्ये भारतीय मजदूर संघ, 1979 मध्ये भारतीय किसान संघ, 1991 मध्ये स्वदेशी जागरण मंच. मजदूर संघ 1 मे ऐवजी विश्वकर्मा जयंतीला कामगार दिन पाळतो. चाकणच्या कारखान्यात खंडेनवमीला प्रेस मशीनला हळदकुंकू लावून नारळ फोडला जातो, तेव्हा मालक, सुपरवायझर आणि कामगार एका रांगेत उभे असतात. मजदूर संघाला कारखान्याचे जे चित्र हवे आहे ते हेच, एका कुटुंबाचे. आणि म्हणूनच या संघटनेला कंत्राटी कामगारांची पद्धत मनापासून सलते. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कामगारकपातीपूर्वी सरकारी परवानगी घेण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली, तेव्हा केंद्रात विचारबंधूंचे सरकार असूनही मजदूर संघाने उघड विरोध केला. मालकीवाद्याला त्यात उद्योगाची मोकळीक दिसते; घडीवाद्याला त्यात कुटुंबप्रमुखाने घरातल्या माणसाला बाहेर काढणे दिसते.

या विचारात माया आहे, आणि ती मला मोलाची वाटते. पण त्याची दुखरी जागाही सातबाऱ्यावरच दिसते. बहिणींच्या नावांना पडलेला तो कंस कुठल्या घडीने पाडला? महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि देशाने 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला. तरी माहेर तुटू नये म्हणून बहीण हक्कसोड पत्रावर सही करते, आणि जमिनीला एकरी कोटींचा भाव आला की ती सही भावाच्या घरात कोटी ठेवून जाते. कुटुंब एक शरीर आहे असे म्हणताना त्या शरीरात कोणाचा हात कापला जातो हे पाहण्याची सोय या विचाराने ठेवलेली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी 1897 मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत पुनरुज्जीवनवाद्यांना हेच विचारले होते: जुने परत आणायचे म्हणता, तर त्यातले नेमके कुठले? नरबळी की बालहत्या की सती? जुने स्वतःच काळानुसार बदलत आले, मृत रूढी परत उठवता येत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. सुधारक म्हणून ज्यांचे नाव घेतो ते रानडे इंग्लंडच्या परंपरावादी विचारवंत एडमंड बर्कला मराठीतल्या कुठल्याही सनातन्यापेक्षा जवळचे आहेत, असे माझे मत आहे. बंड नको, परंपरेच्याच धाग्याने नवे विणावे, ही त्यांची पद्धत. उलट 1891 मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा करणाऱ्या विधेयकाला टिळकांनी विरोध केला, तो परक्या सरकारने आपल्या घरात कायदा करू नये म्हणून. रानड्यांना बदलाची रीत राखायची होती, टिळकांना बदलाचा अधिकार.

टिळकांच्या त्या विरोधातून राष्ट्राचे उत्तर निघते, पण त्याचे पूर्ण रूप सावरकरांत दिसते. 1930 च्या दशकात ‘किर्लोस्कर’ मासिकातून त्यांनी यंत्राची आणि विज्ञाननिष्ठेची बाजू इतक्या जोरात मांडली की धर्ममार्तंड खवळले. गाय उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असे ते लिहीत होते. त्यांना राखायचे होते ते हिंदू राष्ट्राचे बळ, आणि त्या बळाच्या आड येणारी रूढी मोडायला त्यांची ना नव्हती. या दृष्टीने पाहिले तर चाकणची वसाहत हा विजयच आहे. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पिंपरी-चिंचवडनंतर चाकण, महाळुंगे, निघोजे या भागात मोटारींचे प्रचंड कारखाने आले. राष्ट्राच्या विचाराला त्यासाठी दिलेली जमीन हा त्याग वाटतो, आणि त्यागाला दर विचारणे थोडे हलके वाटते. नेमके तिथेच आंबेठाणचा शेतकरी म्हणतो, त्याग माझ्याच वाट्याला का? दोघेही उजवे म्हणवले जातात. पण एकाला सरकार बलवान हवे आणि दुसऱ्याला दुबळे.

गावाचे उत्तर सर्वांत कमी लिहिले गेले आणि सर्वांत जास्त बोलले जाते. 1966 मध्ये मुंबईत शिवसेनेने त्याला ‘भूमिपुत्र’ हा शब्द दिला. उद्योगांत 80 टक्के नोकऱ्या स्थानिकांना, हे राज्याचे धोरण कित्येक दशके कागदावर आहे. कूळकायद्याचे कलम 63 शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येईल असे सांगते, तेही गावाच्या राखणीतूनच. मालकीवाद्याला ते कलम म्हणजे शेतकऱ्याच्या पायातली बेडी वाटते, कारण खरेदीदारच मर्यादित केले तर भाव कोण देणार. गाववाद्याला ती वेशीची भिंत वाटते. 1990 च्या दशकात त्याच कायद्यात औद्योगिक वापरासाठी बिगरशेतकऱ्याला वाट करून दिली गेली, आणि कुरुळीसारख्या गावांत भिंतीला मोठे दार पडले. आता पाहा: एकाच घरातला थोरला भाऊ जमिनीला बाजारभाव मागतो, धाकटा पोराला कंपनीत लावा म्हणून स्थानिकत्वाचा दाखला घेऊन हिंडतो, आणि दोघांचा संसार चालतो तो विदर्भ-मराठवाड्यातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगारांच्या खोलीभाड्यावर. बाहेरचा नको म्हणणारा आणि बाहेरच्याकडून महिन्याचे भाडे घेणारा एकच माणूस आहे. यात त्याचा ढोंगीपणा नाही. चार गोष्टी राखण्याची ओढ त्याच्या एकाच आयुष्यात आहे, आणि त्या चारही एकत्र राखता येतील असे सांगणारा पक्ष त्याला मते मागतो.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे पुस्तकी भेद झाले. निवडणूक आली की सगळे एका मांडवात बसतात. बसतात खरे. पण मांडवाबाहेर काय घडले ते नोंदलेले आहे. मालमत्तेचा मूलभूत हक्क राज्यघटनेतून काढला कोणी? 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, जनता पक्षाच्या सरकारने. त्यात पूर्वीच्या जनसंघाचे मंत्री होते आणि अर्थमंत्री होते एके काळचे स्वतंत्र पक्षाचे नेते एच. एम. पटेल. ती तरतूद 20 जून 1979 रोजी अमलात आली आणि 9 ऑगस्टला शरद जोशींची शेतकरी संघटना उभी राहिली. पुढे 2013 मध्ये भूसंपादनाचा नवा कायदा झाला; खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधितांची संमती, शिवाय सामाजिक परिणामांचा अभ्यास त्यात आला. 2014 च्या डिसेंबरअखेर केंद्राने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना दोन्हींतून सूट दिली. विरोधकांनी आरडाओरडा केला हे स्वाभाविक. पण भारतीय किसान संघ, मजदूर संघ आणि स्वदेशी जागरण मंच यांनीही संसदेच्या संयुक्त समितीपुढे संमतीची अट परत आणा असे सांगितले, आणि सरकारातल्या शिवसेनेनेही विरोध केला. 31 ऑगस्ट 2015 रोजी तो वटहुकूम संपला, पुन्हा निघाला नाही. 2020 च्या कृषी कायद्यांच्या वेळी चित्र उलटे दिसले. शेतकरी संघटनेने बाजार मोकळा होतो म्हणून त्यांचे स्वागत केले, तिचे अनिल घनवट सर्वोच्च न्यायालयाच्या समितीवर बसले; तर किसान संघ हमीभावाची कायदेशीर खात्री मागत राहिला. नुसते पुस्तकी भेद वटहुकूम पाडू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. हे शब्द, हे वर्गीकरण पाश्चात्त्यांचे. आपल्याकडे उजवे-डावे असे काही नव्हतेच. शब्द परके आहेत, हे मान्य. पण राखायचे काय हा प्रश्न परका नाही. अमरावतीत तो रानड्यांनी देशी श्रोत्यांपुढे मांडला होता. फरक आहे तो वेगळाच. इंग्लंडमध्ये बर्कला राखण्यासाठी चालत आलेली संसद आणि न्यायालये होती. आपल्याकडे या संस्था इंग्रजांनी आणल्या, त्यामुळे आपल्या परंपरावाद्याला राज्यसंस्था आपली वाटायला वेळ लागला, आणि जेव्हा ती हाती आली तेव्हा तिला आवर घालण्याची सवयही उरली नाही. सत्तेबाहेर असताना संमती मागायची आणि सत्तेत आल्यावर संमती नकोशी व्हायची, ही खोट एका पक्षाची नाही. पण जो विचार स्वतःला वडिलार्जित ठेव्याचा राखणदार म्हणवतो, त्याच्या अंगी ती अधिक लागते. माझा निवाडा एवढाच की, चार उत्तरांपैकी मालकीचे उत्तर एकटे पुरेसे नाही, पण ते वगळून उरलेली तिन्ही शेतकऱ्याच्या हातून जमीन काढून घेण्याची सबब होऊ शकतात. घडीसाठी बहिणीने सोडावी, राष्ट्रासाठी भावाने सोडावी, गावासाठी दोघांनी स्वस्तात विकावी. म्हणून कुणी ‘आम्ही आपले राखतो’ म्हणत दारात आला, तर ‘त्यात माझी सही लागते का’ हे त्याला आधी विचारावे.

वर सांगितलेला वटहुकूम 2015 मध्ये संपला, तेव्हा संमतीची आणि सामाजिक अभ्यासाची अट वाचली असे देशभर मानले गेले. 2018 मध्ये महाराष्ट्रात भाजप आणि शिवसेना एकत्र सत्तेत असताना राज्याने त्या केंद्रीय कायद्यात 105-अ हे कलम घातले आणि एक नवी अनुसूची जोडली. त्या अनुसूचीत 1961 चा महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम आहे, म्हणजे ज्याखाली चाकणची जमीन घेतली जाते तोच कायदा. त्याखालच्या संपादनाला नव्या दराचा मोबदला लागू होतो. सामाजिक परिणामांचा अभ्यास लागत नाही.